मनाच्या दाराला तेल

डबिंगच्या खोलीत एक माईक होता. माईकपुढे जाळीची एक गोल चकती, बाजूला एक उंच स्टूल, संवादांचे कागद ठेवायचं एक स्टँड, एक हेडफोन आणि समोरच्या भिंतीवर एक पडदा. भिंतींना आणि छताला मिळून राखाडी फोमचे दोनशे बारा चौकोन. दार एक. खिडकी एक, तीही दुहेरी काचेची आणि कधीच न उघडणारी; तिच्या पलीकडे ध्वनिमुद्रणाची खोली. आणि या सगळ्याच्या मधोमध, डोळे मिटून आणि नाकपुड्या फुगवून उभे असलेले मामा.

ही मोजदाद भाचीने केली होती. मामांना ती पसंत पडली नाही.

"क्रम चुकलाय," ते डोळे न उघडता म्हणाले. "ज्या खोलीत मी असतो, तिथली मोजणी माझ्यापासून सुरू होते. लिही. उंची मध्यम, पण छाप उंच. नजर अशी, की समोरच्याला त्याने न केलेले गुन्हेसुद्धा आठवावेत. कान असे, की मुंगीने कूस बदलली तरी..."

"मामा, मी डावीकडे आहे. तुम्ही पडद्याशी बोलताय."

"मला माहीत आहे," मामा म्हणाले आणि उजवीकडे वळले.

निवृत्त होईपर्यंत मामा घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे. "सगळी हयात लोकांच्या घरात शिरून आकडे बाहेर काढलेत मी," असं ते सांगत, आणि गुप्तहेराला याहून वेगळं काय लागतं, असा त्यांचा सवाल असे. आतापर्यंत त्यांनी तीन प्रकरणं हाताळली होती. पहिलं हरवलेल्या छत्रीचं. छत्री मामांकडेच होती, पण शोधून काढली त्यांनीच, हे कुणी नाकारू शकत नव्हतं. दुसरं शेजारच्या बेपत्ता मांजराचं. मामांनी मांजराच्या मालकिणीची उलटतपासणी सुरू केली आणि ती संपायच्या आत मांजर कंटाळून परत आलं. तिसऱ्याबद्दल ते बोलत नसत, कारण त्यात त्यांनी रंगेहाथ पकडलेला संशयित पोलीस निघाला होता.

भाची नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवीधर झाली होती आणि आईने तिला मामांवर लक्ष ठेवायला पाठवलं होतं. मामा याला 'सहायक नेमणं' म्हणत.

चौथं प्रकरण मात्र घरातलंच होतं. तळघरातला हा स्टुडिओ भाचीच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा. पूर्वी इथे चपलांचं गोदाम होतं. ताईने ते स्वतः झाडलं, फोमचा प्रत्येक चौकोन स्वतः चिकटवला, आणि आतापर्यंत इथे काय काय रेकॉर्ड केलं तर 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', आणि एका गादीची जाहिरात. मग एकदम एक अख्खा चित्रपट आला, तोही नामांकित हिरोचा. सगळ्या डबिंगचं काम ताईकडे. ताईने त्या दिवशी खोलीतल्या माईकचा मुका घेतला होता, असं भाचीने काचेतून पाहिलं होतं. दोघींनीही त्यावर कधी चर्चा केली नाही.

घोळ झाला तो तळ्याच्या सीनमध्ये. पडद्यावर हिरो तळ्यातून बाहेर येतो, अंगावर शर्ट नाही, केसांतून पाणी निथळतंय, आणि काठावर उभ्या हिरॉइनला सांगतो, "माझ्या मनाचं दार आता कायमचं बंद झालंय!"

आणि लगेच आवाज येतो. कर्रर्र.

हुबेहूब दार उघडल्याचा.

चित्रपट विकत घेणाऱ्या मंडळींना हा भाग दाखवला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो, उघडलं की!" आणि पुढचा सगळा विरह लोकांनी खुर्चीचे हात धरधरून हसत पाहिला. हिरॉइन मरते तिथेही. निर्माते घरी न जाता थेट तळघरात आले आणि ताईला म्हणाले, "हा आवाज तुमच्या खोलीत राहतो. त्याला बाहेर काढा, नाहीतर मी काम बाहेर काढतो. आणि कुणी विचारलं तर सांगणार, तिथे दारं आपोआप उघडतात."

एकदा तसं पसरलं की या खोलीत पुन्हा गादीवालासुद्धा आला नसता.

"तेवढा आवाज कापून टाका ना," भाचीने विचारलं होतं.

"'झालंय'वर हुंदका आहे आणि कर्रर्र त्याच्या पोटात आहे," ताई म्हणाली. "आवाज कापला की हुंदका जातो. गाळायला गेले तर हिरो बदकासारखा रडतो. ऐकवू?"

भाचीने ऐकलं. बदकही तसं रडलं नसतं.

म्हणून आज सगळ्यांना पुन्हा बोलावलं होतं. संध्याकाळपर्यंत तो टेक स्वच्छ निघाला तर ठीक, नाहीतर निर्मात्यांची गाडी फीत, कागद आणि हिरो घेऊन दुसरीकडे जाणार. ताईने भाचीला सांगितलं, भाचीने आईला, आणि आईने, दोघी नको नको म्हणत असताना, मामांना.

हिरो आला. पन्नाशी त्याने केव्हाच ओलांडली होती, पण हे त्याने पोस्टरला कळू दिलं नव्हतं. या चित्रपटात तो कॉलेजच्या पोहण्याच्या संघाचा कप्तान होता. तळघरातही त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, त्यामुळे त्याने आधी खांबाला नमस्कार केला आणि मग निर्मात्यांना. अंगात गुडघ्यांपर्यंत येणारा ऐसपैस शर्ट. मागोमाग त्याची आई, चांगल्या वयस्कर आजी, एका हाताने भिंत चाचपत. त्यांचा डोळ्यांचा डॉक्टर याच रस्त्यावर होता. त्याने तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातले होते आणि त्यांना सगळं धूसर दिसत होतं. थेंबांचा असर उतरेपर्यंत त्या इथे बसणार होत्या.

"गोटू, हे कपाट वाटेत का ठेवलंय रे?" त्या मामांच्या छातीवर थाप मारून म्हणाल्या.

"आई, लोकांसमोर गोटू म्हणू नकोस," हिरो दात न उघडता म्हणाला.

"मातोश्री," मामा झुकून म्हणाले, "मी गुप्तहेर आहे."

"बोलतंय!" आजी म्हणाल्या, आणि खुर्ची शोधून ध्वनिमुद्रणाच्या टेबलाशी बसल्या.

मामांनी तपास सुरू केला. "सर, तुमचे शत्रू कोण?"

"समीक्षक," हिरो म्हणाला.

"त्यांतले बारीक किती? म्हणजे भिंतीत मावतील असे?"

हिरोने खरंच विचार केला. "एक आहे. पण तो सध्या परदेशी गेलाय."

"परदेशी गेलाय," मामांनी डोळे बारीक केले, "असं तो म्हणतो."

मामांचा पहिला सिद्धांत सरळ होता. आवाज दाराचा आहे, म्हणून दोषी दार आहे. दार बंद होतं, हे त्यांनी दाराच्या विरुद्धच धरलं. "जे दार उघडं असतं ते करकरतं, यात नवल काय? बंद राहून करकरणारं दार पोचलेलं असतं." खिशातून त्यांनी शिवणयंत्राच्या तेलाची छोटी कुपी काढली आणि खोलीच्या दाराला तेल घातलं. मग बाहेरच्या दाराला, मोरीच्या दाराला, कपाटाच्या दाराला, आणि कुपी हातात होतीच म्हणून स्टुलाच्या बैठकीलाही.

हिरो स्टुलावर बसला, आणि सावकाश, अतिशय प्रतिष्ठेने, घसरत जमिनीवर आला.

"हे मुद्दाम आहे का?" त्याने खालून विचारलं.

"तपासाचा भाग आहे," मामा म्हणाले. "स्टूल निर्दोष सुटलं."

हिरो आता उभ्यानेच बोलणार होता. खोलीतला दिवा मालवला, म्हणजे पडदा नीट दिसावा. ताईने टेबलावरचं लाल बटण दाबलं. ते दाबून बोललं की आवाज आतल्या माणसाच्या हेडफोनमध्ये जायचा. "सर, तयार?" पडद्यावर तळं आलं, हिरो त्यातून बाहेर आला, आणि अंधारात उभ्या हिरोने माईकमध्ये जीव ओतला.

"माझ्या मनाचं दार आता कायमचं बंद झालंय!"

कर्रर्र.

भाचीच्या हातात ताईचं आवाज मोजायचं यंत्र होतं, सुईवालं. सुई टुणकन उडाली आणि खाली बसली.

"तेल पोचलं नाही," निर्माते म्हणाले.

"साहेब, मनाच्या दाराला घालायचं राहिलंय," ताई पुटपुटली. तिच्या आवाजात थट्टा कमी होती.

दुसरा सिद्धांत भिंतीचा होता. मामांनी पाण्याचा ग्लास भिंतीला लावला, ग्लासाला कान लावला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आत कुणीतरी आहे," ते कुजबुजले. "श्वास घेतंय. जाडजूड आहे. मधूनच ढेकर देतंय."

भाची भिंतीला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे निर्माते भिंतीला ग्लास लावून उभे होते.

"शू!" ते म्हणाले. "आत कुणीतरी आहे."

तिसरा सिद्धांत मांडण्यापूर्वी मामांनी सगळ्यांना टेबलाभोवती गोळा केलं, हात पाठीमागे बांधले आणि येरझारा घालायला सुरुवात केली. खोली लहान असल्यामुळे ते बहुतेक वेळ जागच्या जागी वळत होते. "धागा सापडलाय," ते म्हणाले आणि त्यांनी चिमटीत धरलेला खराखुरा धागा वर केला. "निळा. लोकरी. माईकच्या दांड्याला अडकलेला. आता या खोलीत निळा स्वेटर कुणी घातलाय?"

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

"मी रोज तो माईक लावते, मामा," ताई म्हणाली.

"कबुली!" मामा म्हणाले. "संशयाची सुई आता स्पष्टपणे..."

"मामा, ती सुई माझ्या मीटरची आहे," भाची म्हणाली, "आणि तुम्ही ओरडताय म्हणून ती हलतेय."

"अहो, मी तुमची भाची आहे!" ताई म्हणाली. "मी माझ्याच खोलीचं वाटोळं कशाला करीन?"

"गुन्हेगार नेहमी कुणाची ना कुणाची भाची असतेच," मामा खेदाने म्हणाले. निर्मात्यांनी मान डोलावली. त्यांना हे पटल्यासारखं दिसत होतं, आणि ताईचं लक्ष नेमकं त्यांच्या मानेकडे होतं.

भाचीला राग आला. राग आला की ती व्यवस्थित वागायची, हा तिचा जुना दोष होता. "मामा, पाच मिनिटं मला द्या," ती म्हणाली. "आपण एका वेळी एकच गोष्ट बदलून बघू."

"एका वेळी एकच? फार हळू जाते ही," मामा निर्मात्यांना म्हणाले. "पण शिकतेय."

भाचीने हिरोला बूट काढायला लावले. कर्रर्र. मनगटातलं कडं काढायला लावलं. कर्रर्र. संवादांचं स्टँड बाहेर नेलं. कर्रर्र. मग तिने तळं सोडून दुसरे सीन मागितले. कोर्टातल्या सीनमध्ये हिरो काळ्या कोटात न्यायाधीशांवर डाफरला, खोली मुकी. दवाखान्यात तो चादरीखालून कण्हला; मुकी. व्यायामशाळेत त्याने उघड्या अंगाने वजन उचलत "मी परत येईन!" म्हटलं आणि ते वाक्य संपताच कर्रर्र.

"तळं आणि व्यायामशाळा," मामा चमकून म्हणाले. "पाणी आणि घाम! दोन्हीकडे ओल! गुन्हेगार जलचर आहे."

"मामा, पाणी पडद्यावर आहे. खोली कोरडी आहे."

"म्हणूनच तो ओरडतोय!"

भाचीने शेवटची गोष्ट बदलली. पडदाच बंद करायला सांगितला. हिरोने तेच तळ्याचं वाक्य काळ्याकुट्ट पडद्यासमोर म्हटलं, तोच हुंदका, तोच श्वास. सुई हलली नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा शांत.

"मिळालं!" निर्माते उठले. "असंच रेकॉर्ड करा!"

ताईने तो टेक चित्राबरोबर लावून दाखवला. पडद्यावरचा हिरो तोंड मिटून तळ्याकाठी उभा होता आणि त्याचं मनाचं दार अजून बंद होतच होतं. हिरॉइनने मान वळवली तेव्हा हुंदका तिला आला.

निर्माते बसले.

म्हणजे आवाज चित्रामुळे येत होता. भाचीने हे स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं आणि दोन्ही वेळा ते तितकंच खुळचट वाटलं. प्रकाशाला दाब असतो हे तिला माहीत होतं, पण तो इतका नगण्य की फोमचा सुटा चौकोनही त्याने हलायचा नाही. उघड्या अंगाच्या माणसाच्या चित्राने दार कसं करकरेल? कोऱ्या पाटीकडे पाहावं तसं तिने काचेकडे पाहिलं. निर्माते फोनवर कुणाला तरी "गाडी दारात आणून ठेव" म्हणत होते.

"एकदा शेवटचं घेऊ," ताई हळूच म्हणाली. "चित्रासकट."

पडदा उजळला. आजी टेबलावर कोपर टेकून, मिटल्या डोळ्यांनी ऐकत होत्या. आत हिरो म्हणाला, "माझ्या मनाचं दार..."

"आता याच्या अंगात शर्ट नाहीये ना?" आजींनी विचारलं.

सगळे थबकले. पडदा काचेपलीकडे लांब होता आणि आजींना समोरची खुर्चीसुद्धा धड दिसत नव्हती.

"...कायमचं बंद झालंय!" कर्रर्र.

"आजी, तुम्हाला कसं कळलं?" भाचीने विचारलं.

"आवाजावरून, बाळा. नाकात गेलाय बघ. पोट आत घेऊन बोलतोय." आजी खुर्चीत आरामात मागे रेलल्या, कोपर मात्र टेबलावरच होतं. "हा लहानपणापासूनचा. आरसा दिसला, पोट आत. कॅमेरा दिसला, पोट आत. शाळेच्या ग्रुप फोटोत फोटोवाल्याने वेळ लावला तर हा निळा पडला होता. आता समोर भिंतीएवढा स्वतःच उघडा उभा दिसतोय, मग काय करणार? घेतला श्वास, ओढलं पोट. वाक्य संपलं की सोडतो. आणि पोट सुटलं की तो पट्टा बोंब मारतो."

"कुठला पट्टा?" ताईने विचारलं.

"कमरेचा. पहिल्या सिनेमातला. चामड्याचा. अजून त्याच भोकात लावतो, आणि मुलाखतीत सांगत फिरतो की बघा, भोक बदललं नाही. रोज सकाळी दार लावून घेतो आणि आतून नुसते हुंकार. मला आधी वाटलं, योगासनं करतो."

मग भाचीचं लक्ष आजींच्या कोपराकडे गेलं. ते लाल बटणावर होतं.

काचेपलीकडे हिरो हेडफोन लावून पुतळ्यासारखा उभा होता. मग माईकमधून एकच शब्द आला.

"आई!"

सबंध चित्रपटात त्याने इतकं खरं काही म्हटलं नव्हतं. दुर्दैवाने ते रेकॉर्ड झालं नाही.

हिरो बाहेर आला तेव्हा त्याने काळा चष्मा चढवलेला होता. "मी कसलाही आवाज करत नाही," तो निर्मात्यांना म्हणाला. "मला पट्टाबिट्टा काही माहीत नाही. दोष या खोलीत आहे. मी निघालो. उरलेलं दुसरीकडे करू, नाहीतर करूयाच नको."

"खोलीतच आहे!" निर्माते ताबडतोब म्हणाले. "मी पहिल्यापासून हेच म्हणतोय, सर. ओल आहे इथे. चपलांचे आत्मे आहेत."

"साहेब, आत्ता तुमच्यासमोर..." ताई म्हणाली.

"मी काही ऐकलं नाही," निर्माते म्हणाले. "सरांनीही नाही. सामान आवरा."

ताईने वाद घातला नाही. ती खाली वाकली आणि माईकची केबल कोपराभोवती गुंडाळायला लागली. ताई चिडली की बोलते. रडकुंडीला आली की केबल गुंडाळते, हे भाचीला ठाऊक होतं. खरं कारण सापडलं होतं, पाच माणसांनी कानांनी ऐकलं होतं, आणि त्याचा उपयोग शून्य होता. आता सगळीकडे हेच सांगितलं जाणार, की त्या तळघरात दारं आपोआप उघडतात.

"थांबा!" मामा गरजले.

मामांना आजींचं म्हणणं अर्धंच समजलं होतं. पण मामांची सगळी मोठी कामं अर्धं समजल्यावरच झालेली होती.

"कुणीही बाहेर जायचं नाही. गुन्हेगार याच खोलीत आहे, आणि..." त्यांनी बोट उगारलं, "तो सरांना चिकटून आहे!"

हिरोने दचकून मागे पाहिलं.

"मागे नाही, सर. मध्ये! सगळे संशय घेतात तुमच्या कमरेवर. मी नाही घेत. मी कंबर पाहताक्षणी ओळखतो. ही कंबर निष्पाप आहे! मग कर्रर्र कोण करतं? जो दाबतो तो! पट्टा! इतकी वर्षं हा पट्टा गुपचूप, इंचाइंचाने आकसत गेला, आणि तुमची कंबर बिचारी जागच्या जागी सोसत राहिली. तुम्ही भोक बदललं नाहीत, पण भोक बदललं, सर! भोकाने विश्वासघात केला!"

हिरोने चष्मा किंचित खाली केला.

"चामडं आकसतं?" त्याने विचारलं.

"आकसतं म्हणजे? आकसण्यासाठीच त्याचा जन्म!"

"तुम्हाला नाही विचारत," हिरो म्हणाला. तो भाचीकडे वळला. "तुम्ही सायन्सवाल्या ना? तुम्ही सांगा. खरं सांगायचं. आकसतं?"

निर्माते भाचीकडे बघायला लागले. मामा बघायला लागले. ताईच्या कोपराभोवती फिरणारी केबल थांबली.

भाचीला खोटं बोलता येत नसे. प्रयत्न केला की तिचे कान लाल होत, आणि आईला ते फोनवरसुद्धा कळत. तिने मनातल्या मनात चामड्याबद्दल माहीत असलेलं सगळं धुंडाळलं. वर्षानुवर्षं वापरलेलं चामडं उलट सैल पडतं, हे पहिल्यांदा हाती लागलं. ते तिने परत ठेवून दिलं. मग आणखी एक हाती लागलं.

"आकसतं, सर," ती म्हणाली. "ओलं होऊन वाळलं, तर."

"ओलं होऊन," हिरो सावकाश म्हणाला.

"हो. भिजला होता का कधी?"

हिरोच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच पोस्टरवरचं तेज आलं. "तळं!" तो ओरडला. "तळ्याच्या सीनमध्ये पँटला तोच पट्टा होता! दिवसभर पाण्यात ठेवलं होतं मला यांनी!" तो निर्मात्यांवर उलटला. "तुम्ही माझा पट्टा आकसवलात!"

"माफ करा, सर," निर्माते म्हणाले. त्यांना आता नेमकं काय नाकारायचं ते कळत नव्हतं.

आजींनी तोंड उघडलं. लेकाकडे पाहायचा प्रयत्न केला, नेम चुकून मामांकडे पाहिलं, आणि तोंड पुन्हा मिटलं. "तरीच," त्या एवढंच म्हणाल्या. "मी म्हणतच होते, त्या पाण्यात काहीतरी आहे."

हिरोने शर्ट वर केला आणि पट्टा सैल करायला घेतला. तो पुढच्या भोकात लावला आणि श्वास सोडला. कर्रर्र. त्याच्या पुढच्या भोकात. कर्र. शेवटच्या भोकात लावला तरी चामडं कुरकुरलं. पुढे भोकंच नव्हती.

"फारच आकसलाय," मामा सहानुभूतीने म्हणाले.

ताई उठली. वायरी जोडायची सोल्डरिंगची सळई तिने तापवली, पट्टा टेबलावर पसरला आणि टोकापाशी एक नवं भोक पाडलं. धुराची एक बारीक रेघ वर गेली. हिरोने पट्टा त्या भोकात लावला आणि आधी थोडा, मग आणखी थोडा, असं करत पूर्ण श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की निर्माते हळूच म्हणाले, "हा एक्सप्रेशन तळ्याला मिळाला असता तर..."

केबल उलगडून पुन्हा जोडली गेली. दिवा मालवला. तळं आलं. हिरोने पोट आत घेतलं का, हे अंधारात कुणी पाहिलं नाही.

"माझ्या मनाचं दार आता कायमचं बंद झालंय!"

हुंदका. आणि मग काहीच नाही. भाचीच्या मीटरची सुई तळाशी निजलेली.

"एकदा ऐकवा," निर्माते म्हणाले. ताईने ऐकवलं. "पुन्हा." पुन्हा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं, फोन लावला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी परत ने रे. सगळं इथेच करायचंय. पुढचा सिनेमाही." मग ताईकडे न बघता, "खोली तशी चांगली आहे तुमची."

ताईने मान हलवली आणि माईकची जाळी उगाचच सरळ केली.

मामा दारात उभे राहून हिरोला आपलं वर्णन लिहून घ्यायला लावत होते, कारण त्यांच्या मते आता त्यांच्यावर सिनेमा निघायला हवा होता. "उंची मध्यम, पण छाप उंच," ते सांगत होते. "माझं काम तुम्हीच करा, सर. फक्त कंबर जरा..."

"जरा काय?" हिरो म्हणाला.

"जरा माझ्याएवढी वाढवावी लागेल," मामा म्हणाले, आणि हिरोने त्यांना मिठी मारली.

जाताना आजींनी हिरोकडून पट्टा मागून घेतला. तो घडी करताना त्यांना भोकं दिसेनात, म्हणून त्यांनी तो भाचीपुढे धरला आणि विचारलं, "बघ गं बाळा, किती आकसला तो?"

भाचीने टेबलावरची स्टीलची पट्टी घेतली आणि जुन्या भोकाच्या मध्यापासून नव्या भोकाच्या मध्यापर्यंत धरली. बारा सेंटीमीटर, चार मिलिमीटर.